निसटू नये, चिरडू नये : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील पकड

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया सुचवली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : “दुर्बिणीतून होईल ना?” होकार मिळाला की सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. पोटावर तीन-चार लहान छेद, दोन-तीन दिवसांत घर आणि थोड्याच दिवसांत देवपूजा, फेरफटका पूर्ववत सुरू, असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हा दिलासा खोटा नाही. मोठ्या छेदाच्या तुलनेत या पद्धतीत वेदना कमी होतात, जखमेत पू होण्याचे प्रमाण घटते आणि रुग्ण लवकर उठून चालू लागतो. उतारवयात अंथरुणाला खिळून राहण्यातूनच अनेक नवी दुखणी उभी राहतात. म्हणून लवकर चालते होणे हा ज्येष्ठांच्या दृष्टीने फार मोठा लाभ आहे.

मात्र या दिलाशाबरोबर एक गैरसमजही घरात शिरतो. छेद लहान, म्हणजे शस्त्रक्रियाही लहान, असे गृहीत धरले जाते. पोटाच्या आत काम तेवढेच असते. तेच पित्ताशय, तीच नलिका, तीच धमनी, तेच यकृत आणि शेजारी तेच नाजूक आतडे. फरक असा, की शल्यचिकित्सकाचा हात पोटाबाहेर राहतो आणि आत जाते एका बारीक दांडीच्या टोकावरचे चिमट्याचे तोंड. कॅमेऱ्याचे आणि पडद्यावरील चित्राचे कौतुक सर्वत्र होते. या टोकाविषयी सहसा कोणी बोलत नाही.

मी शल्यचिकित्सक नाही, कुटुंबाचा डॉक्टर आहे. रुग्णाला योग्य हाती सोपवणे, विनंती झाल्यास शस्त्रक्रियागृहात उभे राहणे आणि तो घरी परतल्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवणे, एवढे माझे काम. या कामात अनेक वर्षे घालवल्यावर माझी खात्री झाली आहे, की चिमट्याच्या टोकाची ही गोष्ट रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना समजली, तर शस्त्रक्रियेविषयीची अवास्तव निश्चिंती आणि अवास्तव भीती या दोन्ही गोष्टी कमी होतात.

हाताच्या जागी दांडी

पोटात दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०१ मध्ये गेओर्ग केलिंग या जर्मन शल्यचिकित्सकाने कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने आतील अवयव पाहिले. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी माणसांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर कित्येक दशके या दुर्बिणीचा उपयोग प्रामुख्याने पाहण्यासाठी आणि निदानासाठी होत राहिला. प्रत्यक्ष काही करायचे, तर आत धरता, कापता आणि बांधता येईल अशी उपकरणे हवी होती. जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी अशी अनेक उपकरणे घडवली आणि १९८० मध्ये दुर्बिणीद्वारे अपेंडिक्स काढून दाखवले. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी आणि १९८७ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे फिलिप मूरे यांनी याच मार्गाने पित्ताशय काढले. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी पित्ताशयाची पहिली दुर्बीण-शस्त्रक्रिया केली. आपल्याकडच्या अनेक आजींना ‘दुर्बीण’ हा शब्द त्याआधीपासूनच कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेमुळे ठाऊक होता. तोच आता पोटाच्या इतर दुखण्यांसाठीही रूढ झाला.

ही शस्त्रक्रिया कशी होते, ते थोडक्यात पाहू. पूर्ण भूल दिल्यावर पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा मिळते. लहान छेदांतून नळ्या बसवतात. एका नळीतून कॅमेरा आत जातो, उरलेल्या नळ्यांतून उपकरणे. बहुतेक उपकरणांची दांडी पाच मिलिमीटर जाडीची, म्हणजे साध्या पेन्सिलीहूनही बारीक, आणि फुटाहून थोडी अधिक लांब असते. बाहेर कात्रीसारखी मूठ, आत चिमट्याचे दोन जबडे आणि या दोहोंना जोडणारी, पोकळ दांडीतून मागे-पुढे सरकणारी एक सळई, अशी त्याची रचना.

येथेच पहिली अडचण येते. दांडी पोटाच्या भिंतीतील एका ठरावीक बिंदूवर टेकलेली असल्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते, आणि मूठ वर उचलली की टोक खाली जाते. सरावाने हे अंगवळणी पडते. दुसरी अडचण अधिक अवघड आहे. अडकित्त्याने सुपारी फोडताना ती कठीण आहे की मऊ, हे तळहाताला तत्काळ कळते. दुर्बिणीच्या चिमट्यात मात्र मुठीवर दिलेला जोर सळईत, सांध्यांत आणि इवल्याशा बिजागरीत वाटेतच काहीसा खर्च होतो. शिवाय नळीच्या आत असलेली हवाबंद झडप दांडीला घासत राहते. म्हणून टोकाशी नेमका किती दाब पडला, याची जाण बोटांपर्यंत फार अंधूक होऊन पोहोचते. ज्या बोटांनी पूर्वी अवयव चाचपून पाहिला जाई, तीच बोटे आता फूटभर दूरवरून, बरेचसे डोळ्यांच्या भरवशावर काम करतात.

निसटणे आणि चिरडणे

स्वयंपाकघरात गरम पातेले उतरवायला सांडशी असते आणि फुलका भाजायला चिमटा. पातेल्याची कड सांडशीत कितीही आवळली तरी पातेल्याला काही होत नाही. त्याच सांडशीने सोललेले पिकलेले केळे उचलायचे असेल, तर हलके धरल्यास ते घसरेल आणि घट्ट धरल्यास त्याचा लगदा होईल. पोटातील अवयव पातेल्यासारखे नसतात, केळ्याच्या जवळचे असतात. त्यातही ते ओले आणि बुळबुळीत असतात.

कोणतीही वस्तू धरून ओढता येते ती घर्षणामुळे. ओल्या पृष्ठभागावर घर्षण कमी, म्हणून तेवढ्याच ओढीसाठी अधिक दाबून धरावे लागते. एका मर्यादेच्या खाली दाब दिला तर ऊतक निसटते. दुसऱ्या मर्यादेच्या वर दिला तर ते फाटते किंवा चिरडते. या दोन मर्यादांच्या मधला पट्टा हाच सुरक्षित पकडीचा पट्टा. चिमट्याचे टोक घडवणाऱ्या अभियंत्याचे सारे कौशल्य हा पट्टा रुंद करण्यात असते.

एक साधे गणित पाहू. जबड्याचा प्रत्यक्ष टेकणारा भाग पाच मिलिमीटर रुंद आणि वीस मिलिमीटर लांब आहे, असे धरू. त्याचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर केवळ एक किलो वजनाइतका जोर पडला, तरी तेथील दाब सुमारे ७३५ मिलिमीटर पारा होतो. आपला वरचा रक्तदाब १२०च्या आसपास असतो आणि केशवाहिन्यांतील दाब त्याहूनही पुष्कळ कमी. म्हणजे पकडलेल्या जागेचा रक्तपुरवठा तेवढ्या वेळापुरता थांबतोच. पूर्ण जबड्याऐवजी केवळ टोकाचा पाव भाग टेकला, तर त्याच जोराला दाब चौपट होतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जबडे कात्रीसारखे उघडत असल्यामुळे जाड ऊतक पकडले तर बिजागरीजवळचा भाग अधिक दबतो. पातळ पापुद्रा पकडला तर टोकाजवळचा. दाब सर्वत्र सारखा पडत नाही. त्यात वेळेचाही वाटा असतो. क्षणभर धरलेले ऊतक सावरते. तितक्याच दाबाखाली बराच वेळ राहिलेल्या ऊतकाला इजा होण्याची शक्यता वाढते.

जबड्यांचे प्रकार

या सर्व अडचणींवर एकच उत्तर नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये एकाच वेळी निरनिराळ्या तोंडांचे चिमटे मांडलेले असतात.

जो अवयव काढूनच टाकायचा आहे, तो धरायला दातेरी जबडा चालतो. त्याचे दात ऊतकात रुततात, त्यामुळे पकड सुटत नाही. पित्ताशय शेवटी छेदातून बाहेर ओढताना पंज्यासारख्या दातांचे जाड चिमटे वापरतात. याउलट आतडे पोटात राहणारच असते. त्याला असा चिमटा लावणे धोक्याचे. त्यासाठी लांब जबडे, गोलसर कडा आणि अगदी उथळ खाचा असलेले, इजा न करणारे चिमटे असतात. जबडा लांब असल्याने दाब अधिक क्षेत्रावर पसरतो आणि कडा गोल असल्याने त्या आतड्याच्या भिंतीत घुसत नाहीत.

काही जबड्यांच्या मधोमध लांबट झरोका ठेवलेला असतो. पाहणाऱ्याला वाटेल, की धातू वाचवला. त्यामागचा हेतू वेगळा आहे. दाबलेले मऊ ऊतक या झरोक्यात किंचित फुगून बसते आणि त्यामुळे फार आवळून न धरताही ते निसटत नाही. उशी दोन्ही हातांत धरली की बोटांमधून तिचा फुगवटा वर येतो आणि तीच तिची पकड ठरते, तसेच हे. बॅबकॉक या अमेरिकी शल्यचिकित्सकाच्या नावाचा चिमटा उघड्या शस्त्रक्रियेत फार पूर्वीपासून वापरात आहे. त्याची तोंडे बाहेर फुगीर असतात, म्हणजे मधला अवयव चेपत नाही. तोच आकार पुढे दुर्बिणीच्या लांब दांडीवर बसवला गेला.

बारीक काम करायला ‘मेरीलँड’ नावाचा निमुळता, वाकडा जबडा असतो. तो धरण्यापेक्षा पापुद्रे अलगद विलग करण्यासाठी असतो. त्याच टोकाने जाड अवयव घट्ट पकडायचा प्रयत्न केला, तर दाब एका बिंदूवर एकवटतो. टाके घालताना सुई धरायच्या चिमट्याची गरज तर अगदी उलटी : तेथे किंचितही हालचाल नको, म्हणून त्याच्या जबड्यांवर टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाच्या पट्ट्या बसवतात.

मुठीतही भेद असतो. काही मुठींना खटका असतो. एकदा आवळले की चिमटा त्याच स्थितीत अडकून राहतो आणि मदतनीसाचा हात दमत नाही. पित्ताशय धरून ठेवायला हे उत्तम. आतड्यासाठी मात्र अनेक शल्यचिकित्सक बिनखटक्याची मूठ पसंत करतात, कारण खटक्याला आत काय पकडले आहे याची जाण नसते.

पकड सुटली की दृष्टीही सुटते

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत चिमटा केवळ अवयव उचलण्यासाठी नसतो. मदतनीस एका चिमट्याने पित्ताशयाचा वरचा घुमट धरून यकृतावरून उजव्या खांद्याच्या दिशेने लोटतो. शल्यचिकित्सक दुसऱ्या चिमट्याने पित्ताशयाचा मानेजवळचा फुगीर भाग बाजूला ओढतो. या दोन ओढींमुळे पित्ताशय आणि यकृत यांच्यामधली घडी पंख्यासारखी उलगडते. तेथील चरबी आणि पापुद्रे दूर केल्यावर पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या पाहिजेत : एक त्याची नलिका आणि एक त्याची धमनी. ही खात्री पटल्याशिवाय काहीही कापायचे नाही, हा सुरक्षिततेचा नियम जगभर मानला जातो. कारण शेजारूनच यकृतातील पित्त आतड्याकडे नेणारी मुख्य नलिका जाते. तिला इजा होणे विरळ असले, तरी झाल्यास ती रुग्णाला दीर्घकाळ त्रास देते.

आता कल्पना करा, की पकड वारंवार निसटते आहे. ओढ सैल झाली की उलगडलेली घडी पुन्हा मिटते आणि ओळखीची रचना दिसेनाशी होते. म्हणजे चिमट्याच्या टोकावर केवळ धरणे अवलंबून नसते, पाहणेही अवलंबून असते.

वयस्क रुग्णांत ही अडचण अधिक वेळा का येते, हेही समजून घ्यायला हवे. ज्येष्ठांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, पित्ताशयाच्या दाहातही कधी कधी फारशी वेदना होत नाही. भूक मंदावते, थोडा ताप येतो, थकवा वाटतो. घरचे त्याला वयाचा भाग मानतात. निदान होईपर्यंत पित्ताशयाची भिंत सुजून जाड झालेली असते, किंवा ते पित्ताने ताणून टणक झालेले असते. ताणलेल्या फुग्याला चिमटा लावून पाहा, तो लागतच नाही. अशा वेळी शल्यचिकित्सक आधी सुईने आतले पित्त काढून घेतात, मग सैल झालेली भिंत पकडीत येते. काही वेळा भिंत इतकी नाजूक झालेली असते, की चिमटा लावताच ती फाटते आणि पित्त किंवा खडे पोटात सांडतात. ते शोषून, वेचून, जागा धुऊन घेतात. अशी गळती अनुभवी हातांतही होऊ शकते, आणि ती वेळीच साफ केली की बहुतेकांना पुढे त्रास होत नाही.

मला एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींचा प्रसंग आठवतो. मधुमेह जुना, दुखणे तीन आठवडे अंगावर काढलेले. दुर्बिणीने शस्त्रक्रिया सुरू झाली, पण पित्ताशय आजूबाजूच्या अवयवांना चिकटून दगडासारखे झाले होते आणि कोणताही चिमटा त्यावर टिकत नव्हता. शल्यचिकित्सकांनी अर्ध्या तासाने पोट उघडून काम पूर्ण केले. बाहेर आजींचा मुलगा संतापला होता. मला म्हणाला, “डॉक्टर, दुर्बिणीचं सांगितलं होतं ना? मग पोट का उघडलं?” मी त्याला बाजूला बसवले आणि म्हणालो, “अरे, चिमट्याने जे धरता येत नव्हतं ते त्यांनी हाताने धरलं. दिसत नसताना ओढत राहिले असते, तर आज तुझा प्रश्न वेगळा असता.” आजी नवव्या दिवशी घरी आल्या. मुलाचा राग शमायला आणखी काही दिवस लागले, पण शमला.

हा प्रसंग सांगण्याचे कारण एवढेच, की दुर्बिणीतून सुरू केलेली शस्त्रक्रिया पोट उघडून पूर्ण करणे म्हणजे अपयश नव्हे. तो सावधपणाचा निर्णय असतो. त्याची शक्यता संमतिपत्रात लिहिलेली असते. आपण ती वाचत नाही, एवढेच. कधी कधी पूर्ण पित्ताशय न काढता त्याचा धोक्याच्या जागेपासून दूरचा भागच काढून थांबणे, हाही तितकाच शहाणपणाचा मार्ग असतो.

हरवलेला स्पर्श परत मिळवण्याचे प्रयत्न

टोकाशी काय घडते आहे ते हाताला कळावे, यासाठी अभियंते आणि डॉक्टर गेली अनेक वर्षे एकत्र काम करत आहेत. नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात, घासणाऱ्या बिजागरीऐवजी एकमेकांवर घरंगळणारे सांधे वापरून घर्षण फार कमी असलेला चिमटा तयार करण्यात आला. वाटेत जोर हरवला नाही, तर टोकाची जाण मुठीपर्यंत अधिक स्पष्ट येते, हा त्यामागचा विचार.

दुसरा मार्ग जबड्याच्या पृष्ठभागाचा. दात न रुतवता ओल्या वस्तूवर पकड कशी मिळवावी, याचे उत्तर निसर्गात आधीच आहे. पावसाळ्यात आंबोलीच्या परिसरात दिसणारा हिरवागार मलबार उडता बेडूक तुम्ही कदाचित पाहिला असेल. असे झाडांवरचे बेडूक भिजलेल्या पानावरही घसरत नाहीत. अशा बेडकांच्या बोटांच्या टोकाशी असलेल्या गादीवर अतिसूक्ष्म षट्कोनी उंचवटे आणि त्यांच्यामध्ये बारीक पन्हळी असतात. दाब पडला की मधले पाणी या पन्हळींतून निघून जाते आणि उंचवटे पानाला घट्ट भिडतात. बीजिंगच्या बेहांग विद्यापीठातील संशोधकांनी या रचनेवर बेतलेला पृष्ठभाग शस्त्रक्रियेच्या चिमट्यासाठी तयार करून तपासला आहे. गाडीच्या टायरवरील खाचाही पावसात पाणी बाजूला सारण्याचे असेच काम करतात.

तिसरा मार्ग यंत्रमानवाचा. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेल्या ‘दा विंची’ यंत्रणेत टोकाला मनगटासारखी वळणारी सांधेरचना मिळाली आणि हाताचा सूक्ष्म कंपही गाळला जाऊ लागला. पण स्पर्श मात्र परत आला नव्हता. डॉक्टर ऊतकाचा ताण डोळ्यांनीच ओळखत. २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या तिच्या नव्या आवृत्तीत टोकावरील जोर मोजून तो डॉक्टरच्या हाताला जाणवून देणारी उपकरणे उपलब्ध झाली. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तरीही रुग्णाने केवळ यंत्राचे नाव पाहून रुग्णालय निवडू नये. पित्ताशयासारख्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत यंत्राच्या नावापेक्षा ते काम नित्य करणारा हात अधिक मोलाचा असतो.

बिजागरीतली घाण

चिमट्याच्या टोकाची आणखी एक बाजू आहे, आणि ती रुग्ण घरी गेल्यावर उघड होते. पकडीसाठी ज्या खाचा, दात, झरोके आणि बिजागऱ्या केल्या, त्यांतच रक्त आणि ऊतकाचे कण अडकून बसतात. हे चिमटे महाग असल्याने बहुतेक ठिकाणी पुन्हा पुन्हा वापरले जातात. त्यात गैर काही नाही, पण प्रत्येक वेळी ते सुटे करून, ब्रशने घासून, शक्य तेथे अल्ट्रासोनिक यंत्रात धुऊन आणि मग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणे आवश्यक असते. आधी नीट न धुता केवळ रसायनात बुडवले आणि साध्या नळाच्या पाण्याने खळबळले, तर क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले, पण क्षय न करणारे काही चिवट जंतू त्यावर राहू शकतात.

त्यांची लक्षणे फसवी असतात. टाके व्यवस्थित भरून येतात, सगळे समाधानी असतात आणि मग तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, एखाद्या छेदाच्या जागी गाठ येते, ती लालसर होते आणि त्यातून पाणी किंवा पू झिरपू लागतो. नेहमीच्या अँटिबायोटिकने ते आटोक्यात येत नाही. येथे दुकानातून परस्पर गोळ्या आणून खाण्याने काही साधत नाही. स्रावाची योग्य तपासणी करून निश्चित औषधे पुष्कळदा काही महिने घ्यावी लागतात. हा त्रास बरा होतो, पण वेळीच ओळखला तर लवकर बरा होतो. म्हणून छेद भरून आल्यावरही दोन-तीन महिने अंघोळीनंतर त्या जागांवरून एकदा नजर फिरवावी. आजी-आजोबांना स्वतःच्या नाभीजवळचा छेद नीट दिसत नाही. हे काम घरातल्याने करावे.

आधी काय विचारावे, नंतर काय पाहावे

पहिली गोष्ट, शस्त्रक्रिया हवीच आहे का, हे विचारावे. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडलेले आणि कधीही त्रास न दिलेले खडे बहुतेक वेळा केवळ लक्षात ठेवले तरी पुरते. त्रास देणारे खडे मात्र ‘पुढे बघू’ म्हणून लांबवू नयेत. दाह जितका जुना, तितकी आतली पकड अवघड.

शल्यचिकित्सकांना मोकळेपणाने विचारावे : आपण ही शस्त्रक्रिया नेहमी करता का? पोट उघडावे लागण्याची शक्यता माझ्या बाबतीत किती आहे? तशी वेळ आली तर रुग्णालयात सोय आहे का? उपकरणे कशी निर्जंतुक केली जातात? चांगल्या शल्यचिकित्सकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

भूलतज्ज्ञांना हृदयाचा, श्वासाचा, मूत्रपिंडाचा प्रत्येक जुना आजार सांगावा. पोटात भरलेला वायू श्वासपटल वर ढकलतो. त्याचा भार अशक्त हृदयावर आणि फुप्फुसांवर पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिनसुद्धा, न विसरता सांगाव्यात. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नयेत. कधी थांबवायच्या, कधी पुन्हा सुरू करायच्या, हे लिहून घ्यावे.

घरी आल्यावर एक-दोन दिवस उजव्या खांद्यात दुखले, तर घाबरू नये. वायूमुळे श्वासपटलाला झालेल्या त्रासाची ती वेदना असते आणि चालण्याफिरण्याने ओसरते. पण पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये : दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढणारी पोटदुखी, पोट फुगणे, थंडी वाजून ताप, न थांबणारी उलटी, डोळे किंवा लघवी पिवळी होणे, रुग्ण अचानक गोंधळल्यासारखा बोलणे. आतड्याला किंवा पित्तनलिकेला नकळत झालेली इजा शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनीही प्रकट होऊ शकते. ज्येष्ठांत ताप न येताही ती असू शकते. अशा वेळी रात्र आहे म्हणून थांबू नये. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाला त्याच वेळी कळवावे आणि रुग्णाला तेथे न्यावे.

डिस्चार्जच्या कागदांत शस्त्रक्रियेची टिपण असते. ती मागून घ्यावी आणि फाइलमध्ये जपून ठेवावी. पित्ताशय सहज सुटले की चिकटलेले होते, पित्त सांडले होते का, काही भाग मागे ठेवला का, हे त्यात नोंदलेले असते. पुढे कधी पोट दुखले, तर आपल्या डॉक्टरला त्या एका पानाचा फार उपयोग होतो.